आठव्या वेलीचं पान

घरमालक हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात पत्रक छापायला सुरुवात होते. डिपॉझिट गिळणारे, जानेवारीत बंद पडलेल्या हीटरसाठी फेब्रुवारीत माणूस पाठवणारे, भिंतीवरच्या बुरशीला ‘जुन्या घराचं कॅरेक्टर’ म्हणणारे. अमेरिकेत ॲन आर्बरमध्ये शिकत होते तेव्हा या मंडळींविरुद्ध मी दारोदार कागद वाटले, बसस्टॉपवर घसा फोडला, बोटं बधिर होईपर्यंत थंडीत सह्या गोळा केल्या. आणि त्याच काळात मी स्वतः एका घरमालकाच्या बेसमेंटमध्ये राहत होते आणि त्या माणसावर माझा जीव होता. आमच्या भाडेकरू संघटनेतल्या मंडळींना हे मी कधी धडपणे सांगितलं नाही. आता सांगते.

खोली बघायला गेले त्या दिवशी काकूंनी दार उघडलं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "नागपूरची ना तू? मागे जा. ते पान दाखवतील. काहीतरी बोल त्याच्यावर. ‘छान आहे’ म्हणू नकोस, नाहीतर खोली गेली म्हणून समज."

मागच्या अंगणात एक उंच, किंचित वाकलेला माणूस कुंपणाकडे तोंड करून उभा होता. जून महिना होता आणि डोक्याला कानटोपी होती. गळ्यात सुतळीने अडकवलेला स्टीलचा व्हर्नियर, म्हणजे कारखान्यात जाडी मोजायला वापरतात तो. कुंपणावर दोऱ्या ताणलेल्या आणि दोऱ्यांवरून हिरव्यागार वेली दीड पुरुष उंच चढलेल्या. नाव नाही, गाव नाही, त्यांनी एक पान तोडून माझ्यापुढे धरलं.

"किती बोटं?"

"पाच."

"नीट बघ."

मी बघितलं. "तीन मोठी. खालची दोन... आहेत म्हटलं तर आहेत."

"म्हणजे किती?"

"तीन, आणि दोन अर्धवट."

"हं," ते म्हणाले. "घे खोली."

मी भाडं विचारलं तर म्हणाले काकूला विचार. काकू म्हणाल्या त्यांना विचार. असला घरमालक मी आमच्या कुठल्याच पत्रकात पाहिला नव्हता.

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेल. ऑगस्टमध्ये तिला शंकूसारखी, कागदी पाकळ्यांची हिरवी फुलं येतात, ती बिअरमध्ये पडतात. काका बिअर पीत नसत. बिअर सोडाच, चहासुद्धा अर्धा कप. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणीतरी हमखास खांद्यावर हात टाकून विचारी, "काय काका, यंदाची बाटली कधी उघडताय?" काका शांतपणे म्हणत, "मी भट्टी नाही लावत. हजेरी घेतो." मग विचारणारा हसे, कारण त्याला वाटे हा विनोद आहे. तो विनोद नव्हता. रोज सकाळी सातला काका खरंच हजेरी घेत. पहिल्या वेलीपासून आठव्यापर्यंत, प्रत्येकीसमोर थांबून, एकेक पान हातात धरून.

काकूंचं म्हणणं सरळ होतं. "पीत असते तर एक वेळ समजलं असतं गं. लोकांना सांगता तरी आलं असतं."

ते आले होते पन्नासेक वर्षांपूर्वी सांगलीहून, इंजिनिअर होऊन. सगळी नोकरी गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शनला. पुढे आलेला माल बघायचा, मोजायचा, पास नाहीतर रिजेक्ट. रिटायर झाल्यावर माल संपला, बघायची सवय संपली नाही. मग पोळीची जाडी. मग मंडळाच्या गणपतीचे मोदक, ज्यांच्या कळ्या त्यांनी एकदा ताटात ओळीने मांडून मोजल्या आणि मोदक करणाऱ्या बाईंनी त्यांच्याशी पुढची दोन वर्षं अबोला धरला. मग माझी पत्रकं.

माझी पत्रकं हा वेगळाच छळ होता. सकाळी मी वर चहाला गेले की टेबलावर माझा कागद असायचा आणि काकांच्या हातात पेन्सिल.

"‘शहरातले सगळे घरमालक भाडेकरूंना लुबाडतात.’ सगळे?"

"सगळे."

"मी?"

"तुम्ही सोडून."

"मग तसं लिही."

"काका, पत्रकात असं नसतं लिहायचं! ‘आमच्या घरातले काका सोडून’ असं कसं लिहू?"

"आणि हे, ‘हजारो विद्यार्थी कुडकुडत आहेत.’ तू किती जणांकडे गेलीस?"

"एकेचाळीस."

"मग एकेचाळीस लिही ना. एकेचाळीस माणसं कुडकुडतायत, हे कमी आहे का?"

मी कागद हिसकावून घ्यायचे. यार, आकडा छोटा लिहिला की लोक कागद कचऱ्यात टाकतात, हे या माणसाला कोण समजावणार? त्यांचं एकच पालुपद: "दिसलं तेवढं बोल." मी म्हणायचे, दिसलं तेवढंच बोलत बसलो तर न दिसणाऱ्या लोकांचं काय? यावर ते मान हलवायचे आणि पोळी उजेडासमोर धरायचे.

वेलींची मूळ गोष्ट मला काकूंनी सांगितली, कारण काकांना ती सांगताना त्रास व्हायचा.

शेजारच्या घरात एक अमेरिकन म्हातारा राहत असे, रिटायर्ड वेल्डर. गराजमध्ये स्वतःची बिअर बनवायचा, स्वतःचे हॉप्स लावायचा. त्याचं आणि काकांचं बोलणं म्हणजे कुंपणाच्या दोन बाजूंनी दहा मिनिटं एका खिळ्याकडे बघत उभं राहणं. म्हातारा केअर होममध्ये जायला निघाला तेव्हा त्याने आठ प्रकारच्या वेलींच्या मुळ्या खणून काकांना दिल्या. प्रत्येक मुळीला चिठ्ठी, चिठ्ठीवर जातीचं नाव, वेल्डरच्या अक्षरात, म्हणजे कावळ्याचे पाय. काकांनी मुळ्या लावल्या आणि ती गचाळ अक्षरं काही त्यांना बघवली नाहीत. त्यांनी आठ नव्या चिठ्ठ्या केल्या. सुंदर, ठसठशीत, पट्टी लावून आखलेल्या. जुन्या टाकून दिल्या.

आणि लिहिलं कशाने? शाईच्या पेनाने.

मिशिगनचा हिवाळा. चार महिने बर्फ. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं तेव्हा कुंपणाला आठ कोऱ्या, स्वच्छ, ठसठशीत चिठ्ठ्या लटकत होत्या. काका केअर होममध्ये गेले, पण म्हाताऱ्याला तोवर स्वतःच्या मुलीचंही नाव आठवेनासं झालं होतं.

"आयुष्यभर दुसऱ्याच्या मालावर रिजेक्टचा शिक्का मारला," काकू म्हणाल्या, "आणि स्वतःच्या हातून हे. दोन दिवस जेवले नाहीत. मी म्हटलं, अहो, वेली आहेत, वाढतील, नावाशिवाय काय अडतंय त्यांचं? तर म्हणे, त्याने नावासकट दिल्या होत्या."

तेव्हापासून अकरा वर्षं हा माणूस पानांवरून नावं परत मिळवत होता.

हे वाटतं तितकं सोपं नाही, हे मी आता अधिकाराने सांगते. हॉप्सची एकच वेल तऱ्हेतऱ्हेची पानं काढते. शेंड्याला हृदयाच्या आकाराचं अखंड पान, मध्ये तीन बोटांचं, खाली पाच बोटांचं. बाजूच्या फांद्यांवर तर वाट्टेल ते. काकांचा नियम: मुख्य वेलीवरचं, छातीच्या उंचीचं पान, तेच खरं. "शेंड्याचं पान अजून लहान आहे, तळाचं म्हातारं झालंय. साक्ष मधल्याची घ्यायची." मग व्हर्नियरने दोन बोटांमधली खाच किती खोल ते मोजायचं, कडेचे दाते मोजायचे, देठाचा रंग बघायचा, हिरवा की तांबूस. पान टेलिफोनच्या जुन्या जाडजूड डिरेक्टरीत दाबून ठेवायचं. आणि दर जुलैत ती डिरेक्टरी मांडीवर घेऊन उत्तरेकडच्या एका हॉप्सच्या शेतावर जायचं, जिथे रांगांना नावांच्या पाट्या आहेत, आणि पानाला पान लावून बघायचं.

एका जुलैत मी ड्राइव्ह केलं. साडेचार तास जाताना, साडेचार तास येताना. शेतावरची मुलगी काकांना ओळखत होती. तिने पाणी आणून दिलं, खुर्ची आणून दिली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "याच्याकडे किती एकर आहे?" मी म्हटलं, एकर? एक कुंपण आहे. ती आत जाऊन काकांसाठी आणखी पाणी घेऊन आली. त्या दिवशी काकांना सातव्या वेलीचं नाव मिळालं. परतताना साडेचार तासांत ते एकच वाक्य बोलले: "दातेच चुकीचे मोजत होतो मी." इतका आनंदी माणूस मी क्वचित पाहिला असेल.

सात झाल्या. राहिली आठवी, कोपऱ्यातल्या मेपलच्या अलीकडची. चिठ्ठ्यांवरच्या नावांपैकी काकांना जेवढी आठवत होती त्यांतलं एकच नाव आता उरलं होतं. चिनूक. मी म्हटलं, संपलं की मग, आठवी चिनूक!

"उरलं म्हणून देऊन टाकू? नाव आहे का उरलेलं श्रीखंड?"

"पण दुसरं कुठलं असणार?"

"चिनूकच्या खाचा खोल असतात. हिच्या नाहीत. शिवाय चिठ्ठीवर चिनूक होतं ही नुसती माझी आठवण. तीच चुकली असली तर?"

"मग आठवी कोण?"

"माहीत नाही," काका म्हणाले. हे दोन शब्द ते असे उच्चारत, जसे बाकीचे लोक आपल्या डिग्र्या सांगतात.

माझ्या तिसऱ्या उन्हाळ्यात असोसिएशनची नोटीस आली.

असोसिएशन म्हणजे त्या वस्तीतल्या घरमालकांची. गवत किती इंच वाढू द्यायचं, दाराला कुठला रंग, कचऱ्याचा डबा किती वाजता आत घ्यायचा, हे ठरवणारे लोक. पलीकडच्या घरात नवीन राहायला आलेल्या माणसाने तक्रार केली होती. त्याच्या मुलीच्या हातावर वेलीचे ओरखडे उठले होते, म्हणून त्याने मोबाइलच्या ॲपने पानाचा फोटो काढला आणि ॲपने सांगितलं: जपानी हॉप, घातक तण. हे तण पसरतं, सगळं झाकून टाकतं, आणि ते लावू देऊ नये असा नियम आहे. नोटिशीत लिहिलं होतं, कुंपणावरच्या सगळ्या वेली जागेतून काढा, नाहीतर आम्ही माणूस पाठवून फवारा मारू. म्हणणं मांडायचं असेल तर पुढच्या मंगळवारी मीटिंगला या.

माझं डोकंच फिरलं. ॲप! अकरा वर्षं एक माणूस दाते मोजतोय आणि एक ॲप दोन सेकंदांत त्याच्या बागेला फाशी देतं! मी त्याच दिवशी बसून पत्रक लिहिलं. मथळा: ‘आठ वेली, आठ नावं, एक खोटी तक्रार.’ खाली आठही नावं, एकाखाली एक, ठळक टाइपात. आठवं नाव चिनूक. वस्तीत साठ घरं होती, साठही दारांत टाकलं. या खेपेला काकांना दाखवलं नाही. दाखवलं असतं तर पेन्सिल आली असती.

सोमवारी संध्याकाळी काकांनी मला मागे बोलावलं. काकू आधीच तिथे उभ्या होत्या, पदर खोचून, कपाळाला आठ्या घालून. कुंपणाच्या अगदी टोकाला, शेजाऱ्याच्या बाजूला झुकलेली, एक वेल मी पूर्वी कधी नीट पाहिली नव्हती. आठवीत गुंतून वाढलेली.

"किती बोटं?" काका म्हणाले.

मी मोजली. पुन्हा मोजली. "सात."

"देठ?"

देठ पानापेक्षा लांब होता. हॉप्सच्या पानाचा नसतो.

"ही लावलेली नाही," काका म्हणाले. "यंदा आपली आपण उगवली. मातीतून आली असेल, पक्ष्याने आणली असेल. मी आठच मोजत होतो. नववी असेल असं मनातच आलं नाही. त्या माणसाच्या ॲपने हिचाच फोटो घेतलाय. बरोबर आहे त्याचं."

"उपटा," मी म्हणाले. "आत्ता. उद्या मीटिंग आहे. कोणाला कळणार नाही."

"मी तेच सांगतेय मघापासून," काकू म्हणाल्या. "एक झटका दिला की येते हातात. मीच उपटणार होते, तर माझा हात धरला त्यांनी! पन्नास वर्षांत असा धरला नव्हता."

"उपटायचीच आहे. दाखवून उपटायची."

"अहो, पण कशाला? आपल्या आठ तर चांगल्या आहेत ना?"

"खराब नग खिशात घालायचा आणि बाकीची पेटी पास म्हणून पुढे ढकलायची?" काका म्हणाले. "ब्रेकचं काम केलंय मी."

मी तावातावाने खूप बोलले. की ही परीक्षा नाही, लढाई आहे. की समोरचे लोक प्रामाणिकपणाला मार्क देत नाहीत. की त्यांना फक्त कारण हवंय आणि तुम्ही ते ताटात वाढून देताय. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पेपर प्लेट किती आहेत घरात? नऊ लागतील."

मीटिंग क्लबहाउसमध्ये होती. लांब टेबल, पाच जण, मध्ये अध्यक्षबाई. एका डेंटिस्टच्या ऑफिसात काम करणारी, हसतमुख, वेळेला पक्की. तक्रार करणारा शेजारी एका बाजूला, मांडीवर मोबाइल. मी मागच्या रांगेत, काकूंच्या शेजारी. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, कानटोपी नव्हती. टोपीशिवाय ते एकदम म्हातारे दिसत होते.

त्यांनी टेबलावर नऊ पेपर प्लेट मांडल्या, प्रत्येकीत एक पान. आणि इंग्रजीत, सांगलीच्या ठाम इंग्रजीत, म्हणाले, "या माणसाचं बरोबर आहे. नववी वेल जपानी आहे. चूक माझी, मी पाहिली नाही. बाकीच्या आठ त्या नाहीत."

मी डोळे मिटून घेतले. साठ दारांत मी ‘खोटी तक्रार’ टाकून आले होते.

"म्हणजे तक्रार तुम्हाला मान्य आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. आवाजात हायसं वाटल्याचा सूर होता. "मग सगळंच काढलेलं बरं, नाही का? आम्हाला या सगळ्या सारख्याच दिसतात. दर वर्षी कोण तपासत बसणार?"

"दिसणार नाहीत सारख्या. दहा मिनिटं द्या."

आणि त्यांनी दिली, कारण नाही म्हणायला कोणाला काही सुचलं नाही. काकांनी व्हर्नियर काढला. बोटं मोजायला शिकवलं, देठ पानावर दुमडून बघायला शिकवलं. तो पानाच्या पुढे गेला तर गुन्हेगार, मागे राहिला तर निर्दोष. मग प्लेटांची अदलाबदल केली आणि शेजाऱ्याला म्हणाले, "तुमची दाखवा." शेजारी उठला, मोबाइल खुर्चीवर ठेवून आला. नऊ पानांवर वाकला, देठ दुमडत दुमडत गेला आणि एकावर बोट ठेवलं. बरोबर! चक्क खुलला तो माणूस. "म्हणजे उरलेल्यांनी माझ्या मुलीला काही होणार नाही?" त्याने विचारलं. काका म्हणाले, "ओरखडतील. माझ्याही हाताला ओरखडतात. लांब बाह्या घालायला सांगा तिला." कमिटीतले दोघे हसले. टेबलाभोवती पाच मोठी माणसं पेपर प्लेटांवर ओणवी झाली होती, आणि मला कळलं की नववं पान आणलं नसतं तर हे शिकवायला काकांकडे काहीच नव्हतं. आठ निर्दोष पानं मांडून गुन्हेगार कसा ओळखायचा ते कोणाला दाखवणार?

इथे थांबलं असतं तर ही गोष्ट मी लग्नाकार्यांत सांगत सुटले असते.

अध्यक्षबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी चुकीचं पान उचललं. आठवीचं. पाच बोटं होती त्याला, चटकन बघणाऱ्याला सात वाटावीत अशी. काकांनी देठ दाखवला. बाई थोड्या ओशाळल्या, आणि ओशाळलेल्या माणसासारख्या कडक झाल्या.

"ही कुठली जात?"

"माहीत नाही."

"पण इथे तर लिहिलंय." त्यांनी फायलीतून माझं पत्रक काढलं. "आठवी. चिनूक."

काकांनी पत्रक हातात घेतलं. पहिल्यांदाच पाहत होते. वरून खालपर्यंत वाचलं. मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही. मी मनात ओरडत होते, हो म्हणा काका, फक्त मान हलवा, बोलूसुद्धा नका.

"हे माझ्या घरातून आलंय, तेव्हा जबाबदारी माझी," ते म्हणाले. "पण चिनूक आहे असं मला माहीत नाही. जपानी नाही, एवढं नक्की."

"कोण आहे ते माहीत नाही, पण कोण नाही ते नक्की?" कोणीतरी म्हणालं. पुन्हा हशा झाला, पण वेगळा.

मतदान झालं. ज्या सात वेलींची नावं मालक खात्रीने सांगतो त्या राहतील. नववी आणि जिचं नाव सांगता येत नाही ती आठवी, शनिवारच्या आत जागेतून काढायची. शेजाऱ्याने आठवीच्या बाजूने दोन शब्द सांगितले, पण त्याला मत नव्हतं.

बाहेर पार्किंगमध्ये मी काकांवर ओरडले. सगळ्यांदेखत. एक शब्द! फक्त एक शब्द बोलायचा होता! काकू म्हणाल्या, "गाडीत बस आधी." घरी उतरताना काका इतकंच म्हणाले, "सातही जाता जाता राहिल्या, तुझ्या त्या कागदामुळे. एक खोटं सापडलं की लोकांना सगळंच खोटं वाटतं." ते रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते नुसते मोजून म्हणाले.

शनिवारी सकाळी आम्ही आठवी काढली. नववी एका झटक्यात आली, काकू म्हणाल्या होत्या तशी. आठवी नाही. हॉप्सचं मूळ खोल जातं आणि बाजूला पसरतं. दोन तास खणलं. काका फावड्यावर, मी गुडघ्यांवर, माती हाताने उपसत. आधी त्यांनी वेल दोरीवरून उलगडून खाली घेतली, कापली नाही, वेटोळं करून गवतावर ठेवली.

"काका," मी खड्ड्यातून विचारलं, "चिनूक म्हटलं असतंत तर काय झालं असतं?"

"वाचली असती."

"मग?"

ते फावड्यावर टेकले. जरा दम लागला होता. "मग रोज सकाळी तिच्यासमोर उभं राहून मी तिला चिनूक म्हणायचं. एकदा सांगितलं की सांगतच राहावं लागतं. आणि खरं नाव शोधायची सोय संपली. म्हणजे वेल राहिली असती गं, पण ती कोण हे कायमचं गेलं असतं."

मला ते पटलं नाही. अजून पूर्ण पटलेलं नाही. जिवंत राहणं आधी, नाव नंतर, असं मी आजही म्हणेन, आणि नाव नाही म्हणून जिवंत गोष्ट उपटायला लावणाऱ्या त्या टेबलाविरुद्ध मी आजही पत्रक काढीन. पण त्या सकाळी मी वाद घातला नाही, माती उपसत राहिले.

मूळ बाहेर आलं. मनगटाएवढं, तपकिरी, ठिकठिकाणी पांढरे डोळे फुटलेलं. मी कचऱ्याची कागदी पिशवी उघडून धरली. काकांनी शर्टाच्या खिशातून नोटिशीची घडी काढली, चष्मा लावला आणि पुन्हा एकदा सगळी वाचली, अगदी तारखेसकट.

"जागेतून काढा, असं लिहिलंय," ते म्हणाले. "मारा, असं नाही लिहिलेलं."

त्यांनी मुळाचा वीतभर तुकडा कापला, काकूंकडून ओलं वर्तमानपत्र मागून घेतलं, त्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. काकू म्हणाल्या, "बरं झालं. जाताना लाडू देणार होते, आता हे पण ने."

त्या ऑगस्टमध्ये माझं शिक्षण संपलं आणि मी तिथून निघाले. आता दोन तासांवरच्या गावात राहते, तिसऱ्या मजल्यावर, एका अशा घरमालकाच्या बिल्डिंगमध्ये ज्याच्याबद्दल मी ‘सगळे’ हा शब्द बिनदिक्कत वापरते. बाल्कनीत रंगाची रिकामी बादली, तळाला भोकं, आणि बादलीतून वर रेलिंगला बांधलेल्या चार दोऱ्या. पहिल्या वर्षी वेल गुडघ्याएवढी झाली. यंदा छताला लागली आहे.

गेल्या आठवड्यात संघटनेची मीटिंग माझ्याकडे होती. एक नवीन मुलगा आला होता, उत्साही, घरी बिअर बनवणारा. त्याने बाल्कनीत पाऊल टाकलं आणि ओरडला, "अरे, चिनूक! शंभर टक्के चिनूक आहे ही!"

सगळे माझ्याकडे बघत होते, हातात चहाचे कप घेऊन. मी एक पान तोडलं, त्याच्या हातात दिलं आणि विचारलं, "कशावरून?"